समजून घ्या : गेममधल्या सैनिकाला वाट कोण दाखवतं? वीस मिनिटांत सुचलेलं उत्तर आणि डायक्स्ट्रा नावाचा प्रोग्रॅमर

मोबाइलवरच्या एखाद्या लढाईच्या गेममध्ये सैनिकावर बोट टेकवायचं, मग नदीपलीकडच्या किल्ल्यावर टेकवायचं. सैनिक लगेच चालायला लागतो. तो सरळ नदीत उतरत नाही. पूल शोधतो, भिंतीला वळसा घालतो, दलदल टाळतो आणि किल्ल्याशी पोहोचतो. खेळणाऱ्याने त्याला वाट सांगितलेली नसते. गेम बनवणाऱ्यानेही ती आधी आखून ठेवलेली नसते, कारण कोण कुठून कुठे बोट टेकवेल हे त्याला कसं कळणार? वाट त्याच क्षणी फोनच्या आत शोधली जाते, आणि तीही डोळ्याची पापणी लवायच्या आत.

या शोधामागे जे गणित आहे त्याचं मूळ १९५६ सालात आहे. तेव्हा व्हिडिओ गेमचा धंदा नव्हता, घरात कॉम्प्युटर नव्हते आणि प्रोग्रॅमर हा शब्द सरकारी कागदावर चालत नव्हता. अॅमस्टरडॅममधल्या एका कॅफेत कॉफी पीत बसलेल्या २६ वर्षांच्या तरुणाला ते सुचलं. त्याचं नाव एड्सगर वीबे डायक्स्ट्रा.

हे नाव कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना चांगलंच ओळखीचं आहे. तळेगावजवळच्या वराळ्यात असो की राज्यातल्या कुठल्याही कॉलेजात, डेटा स्ट्रक्चर्स शिकताना ग्राफचं प्रकरण आलं की डायक्स्ट्रा येतोच. नावाचं स्पेलिंग पाहून बरेच जण डिजिक्स्ट्रा म्हणतात. डच भाषेत आय आणि जे ही अक्षरं जोडून येतात तेव्हा उच्चार साधारण आय असा होतो, म्हणून डायक्स्ट्रा. गंमत अशी की या नावात आय, जे, के ही तीन अक्षरं ओळीने येतात. लूप लिहिताना प्रोग्रॅमर हीच तीन अक्षरं याच क्रमाने वापरतात. परीक्षेत आकृती काढून, तक्ता भरून मार्क मिळवले की विद्यार्थी पुढच्या प्रकरणाकडे वळतो. तक्त्यामागचा माणूस राहूनच जातो, आणि तो माणूस कळला तर तक्ताही जरा वेगळा दिसतो.

वकील व्हायचं होतं

डायक्स्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० रोजी नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात झाला. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक आणि डच रसायनशास्त्र संघटनेचे अध्यक्षही. आई गणितज्ज्ञ होती, पण तिने कधी नोकरी केली नाही. आईचं गणित नेटकं होतं. एखादी सिद्धता फार लांबत चालली तर आपण चुकीच्या दिशेला आहोत असं समजावं, ही शिकवण त्यांना घरातच मिळाली. पुढच्या पन्नास वर्षांच्या त्यांच्या कामात ती दिसत राहते.

शाळेत असताना मात्र त्यांच्या डोक्यात कायद्याचा अभ्यास होता. संयुक्त राष्ट्रांत आपल्या देशाची बाजू मांडायची, असं स्वप्न होतं. १९४८ मध्ये शाळेच्या शेवटच्या परीक्षेत गणित आणि विज्ञानात इतके चांगले मार्क पडले की आईवडिलांनी आणि शिक्षकांनी विज्ञानाकडे वळवलं. ते लायडन विद्यापीठात गेले आणि पुढे सैद्धांतिक भौतिकशास्त्राकडे वळले. इंजिनिअरिंगला जावं की नको यावर आपल्याकडे घराघरांत चालणाऱ्या चर्चेपेक्षा हे फार वेगळं नव्हतं.

वळण आलं ते १९५१ मध्ये. केंब्रिज विद्यापीठात एड्सॅक नावाचं इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र होतं. त्यावर प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या तीन आठवड्यांच्या कोर्सची जाहिरात वडिलांच्या नजरेला पडली. भौतिकशास्त्रात असं यंत्र उपयोगी पडेल, या हिशेबाने त्यांनी मुलाला पाठवलं. कोर्स झाला आणि त्याची बातमी अॅमस्टरडॅमच्या मॅथेमॅटिकल सेंटरमधल्या आद्रियान फान वाइनगार्डन यांच्यापर्यंत पोहोचली. हे तिथल्या गणन विभागाचे प्रमुख. त्यांनी नोकरी देऊ केली. मार्च १९५२ पासून डायक्स्ट्रा तिथे अर्धवेळ प्रोग्रॅमर झाले. नेदरलँड्समधले ते पहिले प्रोग्रॅमर मानले जातात.

पुढची तीन वर्षं त्यांची ओढाताण झाली. शिक्षण भौतिकशास्त्राचं आणि मन प्रोग्रॅमिंगमध्ये. दोन्ही जमेना. पण प्रोग्रॅमिंगला शास्त्र म्हणायचं तर त्याचा पाया कुठे होता? त्या वेळी यंत्र बनवणाऱ्याला मान होता. त्यासाठी सूचना लिहिणारा म्हणजे कसाबसा जुगाड करणारा माणूस, अशी समजूत होती. १९५५ मध्ये त्यांनी ही शंका फान वाइनगार्डन यांच्यापुढे मांडली. आज या कामाला शास्त्राचा दर्जा नाही हे वरिष्ठांनी मान्य केलं. मात्र ही यंत्रं आता राहणारच आहेत, आणि तो दर्जा मिळवून देणाऱ्यांपैकी एक तूच का होऊ नयेस, असं त्यांनी विचारलं. डायक्स्ट्रा खोलीबाहेर आले ते निर्णय घेऊनच. भौतिकशास्त्राची पदवी लवकर उरकायची आणि प्रोग्रॅमरच व्हायचं.

१९५७ मध्ये मारिया देबेट्स यांच्याशी लग्न झालं. याच सेंटरमध्ये हिशेबाचं काम करणाऱ्या मुलींपैकी त्या एक. लग्नाच्या नोंदणीत व्यवसायाचा रकाना होता. डायक्स्ट्रा यांनी प्रोग्रॅमर असं सांगितलं, तर अधिकाऱ्यांनी ते मान्यच केलं नाही. असा व्यवसाय नसतो, म्हणाले. शेवटी त्या रकान्यात सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ असं लिहिलं गेलं.

यंत्राच्या उद्घाटनाला दाखवायचं काय?

लग्नाच्या आदल्या वर्षी, १९५६ मध्ये, मॅथेमॅटिकल सेंटरचं आर्मॅक हे नवं गणकयंत्र तयार झालं. उद्घाटनाला पाहुणे येणार होते आणि त्यातल्या बहुतेकांना गणिताशी देणंघेणं नव्हतं. त्यांना समीकरण सोडवून दाखवलं असतं तर ते कंटाळले असते. प्रश्न असा हवा होता की तो कुणालाही कळावा आणि उत्तर बरोबर आहे की नाही हेही कुणालाही सांगता यावं. डायक्स्ट्रा यांनी रस्त्यांचा प्रश्न निवडला. रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला जायचं आहे, सर्वांत जवळची वाट कोणती?

उत्तर टेबलावर बसून काढलेलं नाही. एके दिवशी ते होणाऱ्या बायकोबरोबर अॅमस्टरडॅममध्ये खरेदीला गेले होते. फिरून थकल्यावर दोघं एका कॅफेबाहेर कॉफी घेत बसले. तिथे डोक्यात हा प्रश्न घोळत होता, आणि साधारण वीस मिनिटांत रीत सुचली. जवळ कागद नव्हता, पेन्सिल नव्हती. ही गोष्ट अनेकदा प्रतिभेचा चमत्कार म्हणून सांगितली जाते. खुद्द डायक्स्ट्रा यांचा हिशेब वेगळा होता. कागद नसला की माणूस टाळता येण्याजोगी सगळी गुंतागुंत टाळतो, म्हणून रीत इतकी सुटसुटीत झाली, असं ते नंतर सांगत.

उद्घाटनासाठी त्यांनी नेदरलँड्सचा नकाशा थोडा छाटून ६४ शहरांपुरता ठेवला. ६४च का? कारण सहा बिट्समध्ये ६४ वेगवेगळे आकडे बसतात, म्हणजे प्रत्येक शहराला सहा बिट्सचा एक क्रमांक पुरतो. त्या काळी मेमरीचा प्रत्येक बिट मोजून वापरावा लागे. आज वराळ्यातल्या कुठल्याही मुलाच्या खिशातल्या फोनला असले ६४ आकडे म्हणजे काहीच नाही.

वराळे ते लोणावळा : रीत चालते कशी?

रीत समजून घ्यायला नेदरलँड्सचा नकाशा लागत नाही, मावळाचा पुरतो. वराळ्याहून कारने लोणावळ्याला जायचं आहे. खालची सगळी मिनिटं हिशेबापुरती धरलेली आहेत.

वराळे ते तळेगाव १० मिनिटं. तळेगावहून जुन्या मुंबई-पुणे हायवेने वडगाव १०, वडगावहून कामशेत १८, कामशेतहून लोणावळा २४. दुसरी वाट एक्स्प्रेसवेची. तळेगावहून उर्से १२ मिनिटं, आणि उर्सेहून लोणावळा एरवी २५. पण आज पुढे अपघात झालाय, गाड्यांची रांग आहे, म्हणून ४५ धरू. शिवाय वराळ्याहून उलट्या दिशेला चाकणकडे जाणारा रस्ता आहे, तिथली गर्दी पाहता ३५ मिनिटं.

आता प्रत्येक गावापुढे एक तात्पुरता आकडा लिहायचा : इथवर यायला आतापर्यंत सापडलेला कमीत कमी वेळ. वराळ्यापुढे शून्य, बाकी सगळ्यांपुढे अनंत. मग एकच काम पुन्हा पुन्हा करायचं. ज्यांचा निकाल लागलेला नाही त्यांतलं सगळ्यात लहान आकड्याचं गाव उचलायचं, त्याचा आकडा पक्का करायचा आणि तिथून शेजारच्या गावांना जाऊन पाहायचं. नवा आकडा जुन्यापेक्षा लहान आला तर जुना खोडायचा.

वराळ्याहून पाहिलं तर तळेगाव १०, चाकण ३५. लहान तळेगाव, ते पक्कं. तिथून वडगाव २०, उर्से २२. वडगाव पक्कं, तिथून कामशेत ३८. मग उर्से पक्कं, तिथून लोणावळा २२ अधिक ४५, म्हणजे ६७. लोणावळ्याचा आकडा मिळाला म्हणून इथे थांबायचं का? नाही, तो अजून तात्पुरता आहे. पुढचा लहान आकडा चाकणचा, ३५. ते पक्कं. मग कामशेत ३८ पक्कं, आणि तिथून लोणावळा ३८ अधिक २४, म्हणजे ६२. ६७ खोडला, ६२ लिहिला. आता उरलेल्यांत लोणावळाच लहान, म्हणून तेही पक्कं. उत्तर : आज जुन्या हायवेने जा. अपघात नसता तर उर्सेवरून ४७ मिनिटं आली असती आणि एक्स्प्रेसवे जिंकला असता.

या रीतीचं मर्म पक्कं या शब्दात आहे. एकदा पक्का केलेला आकडा पुन्हा कधीच बदलावा लागत नाही. का? समजा कामशेतचा आकडा ३८ वर पक्का झाला. त्याहून लवकर पोहोचवणारी एखादी छुपी वाट असेल तर ती अजून न उघडलेल्या कुठल्या तरी गावातून येत असणार. पण त्या वेळी न उघडलेल्या प्रत्येक गावाचा आकडा ३८ किंवा त्याहून मोठा आहे, आणि रस्त्यावर वेळ फक्त वाढतो, कमी होत नाही. म्हणजे ती वाट ३८ पेक्षा लहान असूच शकत नाही. सगळ्या वाटा एकेक करून तपासायची गरज नाही, आणि तरीही उत्तराबद्दल शंका उरत नाही. अट एवढीच की कुठल्याही रस्त्याचा आकडा शून्याच्या खाली जाता कामा नये.

मोटारसायकल असेल तर? एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे. मग नकाशातून ती रेघच काढून टाकायची, बाकी रीत तीच. गेममध्येही हेच होतं. घोडेस्वाराला जंगल महाग पडतं, पायदळाला स्वस्त, आणि होडीला जमीन मुळातच बंद. नकाशा एक, आकडे प्रत्येकाचे वेगळे.

तीन वर्षं उशीर, तीन पानांचा लेख

रीत १९५६ची, पण ती छापून आली १९५९ मध्ये. उशिराचं एक कारण त्या काळच्या समजुतीत आहे. वाटांची संख्या मोजकी असते, सगळ्या तपासल्या की सगळ्यात लहान सापडणारच, मग यात गणित ते काय, असं गणितज्ज्ञांना वाटे. किती वेळात सापडणार, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारत नव्हतं. अल्गोरिदम छापणारी नियतकालिकंही फारशी नव्हती. अखेर न्यूमरिशे माथेमाटिक या नव्या जर्मन नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात तो लेख आला. जेमतेम तीन पानं, आणि त्यात दोन प्रश्न. एक आपण पाहिला तो. दुसरा, सगळे बिंदू कमीत कमी तारेत कसे जोडायचे. तो एक्स-१ या पुढच्या यंत्राच्या पाठीमागची तांब्याची तार वाचवण्याच्या गरजेतून आला होता. त्याचं उत्तर आधी इतरांनीही शोधलेलं होतं, हे नंतर लक्षात आलं.

त्याच वर्षी डायक्स्ट्रा यांना डॉक्टरेट मिळाली. आपल्याकडे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हे देशी बनावटीचं गणकयंत्र १९६० मध्ये कामाला लागलं, ते याच सुमारास. १९६० मध्येच डायक्स्ट्रा आणि याप झॉनेफेल्ड या सहकाऱ्याने आल्गोल-६० भाषेचा कंपायलर पूर्ण केला. काम संपेपर्यंत दाढी करायची नाही, असं दोघांचं ठरलं होतं. संपल्यावर झॉनेफेल्ड यांनी दाढी उतरवली, डायक्स्ट्रा यांनी ठेवली, ती कायमचीच.

रोबो आला आणि अंदाज शिकला

वराळ्याच्या उदाहरणात एक गोष्ट खटकते. लोणावळा पश्चिमेला, मग चाकणला जायचं कारण काय? डायक्स्ट्रांच्या रीतीला दिशा कळत नाही. ती पाण्यात दगड टाकल्यावर उठणाऱ्या लाटेसारखी सगळीकडे सारखी पसरते. चार-सहा गावांत काही बिघडत नाही, पण गेमच्या नकाशात लाखभर चौकटी असतील तर निम्मी मेहनत उलट्या दिशेला वाया जाते.

यावरचा उपाय १९६८ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये निघाला. तिथे शेकी नावाचा चाकांवरचा रोबो होता. खोलीतले ठोकळे चुकवत त्याला इकडून तिकडे जायचं असे. पीटर हार्ट, निल्स निल्सन आणि बर्ट्रम राफेल या तिघांनी त्याच्यासाठी जी रीत मांडली, तिला ए-स्टार म्हणतात. ढाचा डायक्स्ट्रांचाच. फक्त गाव निवडताना आतापर्यंतच्या वेळात आणखी एक आकडा मिळवायचा : इथून पुढे मुक्कामापर्यंत कमीत कमी किती लागेल याचा अंदाज.

चाकणहून लोणावळा सरळ रेषेत, ताशी १०० किलोमीटरने, कुठेही न थांबता गेलं तरी सुमारे ३० मिनिटं लागतील. ३५ अधिक ३०, म्हणजे ६५. लोणावळ्याचं उत्तर ६२ला मिळून जातं, त्यामुळे चाकण उघडायची पाळीच येत नाही. अंदाज खऱ्यापेक्षा कधीही जास्त नसेल तर उत्तर बिनचूकच येतं, हेही त्या तिघांच्या कामात आहे. अंदाज म्हणून सगळीकडे शून्य धरला तर काय होईल? ए-स्टारची पुन्हा डायक्स्ट्रांची रीत होईल.

आज गेममध्ये वाट शोधायची म्हटलं की पहिलं नाव ए-स्टारचं निघतं. जुने गेम जमीन चौकटींत वाटायचे. थ्रीडी गेममध्ये चालण्याजोग्या जमिनीवर बहुभुजांची जाळी पसरतात, आणि वाट त्या तुकड्यांमधून शोधतात. युनिटी, अनरियल यांसारख्या गेम इंजिनांत ही सोय तयारच मिळते, त्यामुळे घरी बसून गेम बनवणाऱ्या मुलालाही ती रीत लिहावी लागत नाही. एका जागी शंभर सैनिक पाठवायचे असतील तर बाजू उलटते. मुक्कामापासून मागे डायक्स्ट्रांची लाट एकदाच पसरवायची, म्हणजे प्रत्येक चौकटीला पुढचं पाऊल कळतं आणि शंभर जणांना वेगळा शोध लागत नाही. तिथे दिशा न कळणं हाच गुण ठरतो.

गेमवाल्यांची खरी अडचण वेळेची. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर एका चित्राला जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात, आणि त्यातही चित्र काढणं, आवाज, धडका हे सगळं बसवायचं. म्हणून अंदाज मुद्दाम फुगवला जातो. वाट थोडी लांबची येते, पण लवकर येते, आणि खेळणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. १९८०च्या पॅक-मॅनमध्ये तर शोधच नव्हता. पाठलाग करणारं भूत प्रत्येक वळणावर एवढंच पाहायचं की कोणती चौकट लक्ष्यापासून सरळ रेषेत जवळ आहे. भिंतींचा विचार नाही, पुढच्या वळणाचा नाही, आणि तरी लाखो लोक घाबरून पळाले.

डायक्स्ट्रा यांना ही चलाखी कितपत रुचली असती, शंकाच आहे. त्यांचा सगळा झगडा याच्या उलट बाजूचा होता.

चालतंय ना, मग झालं! हे त्यांना मान्य नव्हतं

१९६२ मध्ये ते आइंडहोवेनच्या तंत्रविद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. तिथे एकाच यंत्रावर अनेक कामं एका वेळी चालवणारी प्रणाली त्यांनी आणि त्यांच्या छोट्या गटाने बांधली. दोन कामं एकाच गोष्टीवर तुटून पडू नयेत म्हणून त्यांनी सेमाफोर ही कल्पना आणली. नाव रेल्वेच्या सिग्नलच्या खांबावरून घेतलेलं. लोणावळा लोकल पुढचा सिग्नल पडेपर्यंत स्टेशनाबाहेर थांबते तसंच काहीसं. तुमच्या फोनमध्ये गाणं, मेसेज आणि गेम एकत्र चालतात त्यामागे या कल्पनेची पिढ्यान्‌पिढ्यांची वंशावळ आहे. मार्च १९६८ मध्ये प्रोग्रॅममधल्या गोटू या आज्ञेविरुद्ध त्यांचं छोटं पत्र छापून आलं आणि वादळ उठलं. त्याचं झणझणीत शीर्षक मात्र त्यांचं नव्हतं, संपादक निकलाऊस विर्थ यांनी दिलेलं होतं.

त्यांचं म्हणणं एका ओळीत सांगायचं तर प्रोग्रॅम आधी लिहून मग चुका शोधत बसू नका, तो बरोबर आहे हे पटत पटतच लिहा. चाचणीत चूक सापडली तर चूक आहे एवढं कळतं. सापडली नाही म्हणून ती नाही असं होत नाही. या आग्रहापायी ते अनेकांना उद्धट वाटले. कंपन्यांना हे परवडणारं नव्हतं, आणि लाखो ओळींचं सॉफ्टवेअर कागदावर सिद्ध करणं आजही बहुतेकांना जमत नाही. टीकाकारांचं तेवढं म्हणणं खरं होतं. पण वीस मिनिटांत सुचलेली ती रीत आजही तशीच उभी आहे ती चाचण्यांच्या जोरावर नाही. पक्का झालेला आकडा बदलत नाही, हे सिद्ध करता येतं म्हणून.

१९७२ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. कॉम्प्युटर शास्त्रातला हा सर्वोच्च मान. तो सर्वांत जवळच्या वाटेसाठी नव्हता, तर प्रोग्रॅमिंगला बौद्धिक शिस्त म्हणून उभं केल्याबद्दल होता. पंधरा वर्षांपूर्वी लग्नाच्या नोंदणीत ज्या शब्दाला नकार मिळाला, त्याच कामासाठी हा मान. त्या दिवशीच्या भाषणाच्या शीर्षकातही त्यांनी स्वतःला शास्त्रज्ञ न म्हणता प्रोग्रॅमर हाच शब्द ठेवला.

पुढच्या वर्षी ते बरोज या अमेरिकी कॉम्प्युटर कंपनीचे संशोधक झाले, पण ऑफिस म्हणजे न्यूनेन गावातल्या राहत्या घरातली खोली. त्या काळात हे वर्क फ्रॉम होमच. मंगळवारी दुपारी विद्यापीठात मोजक्या सहकाऱ्यांबरोबर बैठक असे. तिथे लेख एकेका वाक्यावर थांबत वाचले जात. १९८४ पासून १९९९ पर्यंत ते अमेरिकेत ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात शिकवत होते. सुट्टीत फोक्सवॅगन गाडी घेऊन पत्नीबरोबर राष्ट्रीय उद्यानं पालथी घालायचे. गाडीला नाव ठेवलं होतं टूरिंग मशीन. अॅलन ट्युरिंगच्या काल्पनिक यंत्रावरचा हा विनोद ज्याला कळला तो हसायचा.

कॉम्प्युटरचा हा माणूस लिहायचा मात्र फाउंटन पेनने. स्वच्छ, वळणदार अक्षर, खाडाखोड जवळजवळ नाही. घरात टीव्ही नव्हता, पियानो होता आणि मोझार्ट आवडता. मॅकिंटॉश घेतला तो उतारवयात, आणि मुख्यतः ईमेल आणि इंटरनेट पाहण्यापुरता. त्यांच्या अक्षरावरून पुढे कॉम्प्युटरचा फॉन्टसुद्धा तयार झाला.

आजही विषय संपलेला नाही

डायक्स्ट्रांच्या रीतीला पुढे इतरांनी वेग दिला. सगळ्यात लहान आकडा चटकन कसा उचलायचा, हा त्यातला अडसर. १९८०च्या दशकात मायकेल फ्रेडमन आणि रॉबर्ट टार्जन यांनी फिबोनाची हीप ही रचना मांडली, तेव्हा वेग इतका वाढला की आता याहून पुढे जाणं अवघड, असं अनेकांना वाटलं. गावं अंतराच्या क्रमाने उचलायची म्हणजे आकडे क्रमाने लावणं आलंच, आणि त्याला वेळ लागणारच. २०२५ मध्ये बीजिंगच्या त्सिंग्हुआ विद्यापीठातल्या रान दुआन यांनी सहकाऱ्यांसह ही भिंत ओलांडली. गावं काटेकोर क्रमाने न उचलता, गटागटाने हाताळून. तुमच्या गेमचा वेग लगेच वाढेल असं त्यातून होत नाही. हा निकाल अवाढव्य नकाशांच्या सैद्धांतिक हिशेबाचा आहे. पण सत्तर वर्षं जुन्या, तीन पानांच्या प्रश्नावर आजही माणसं कामाला लागलेली आहेत.

फेब्रुवारी २००२ मध्ये आजारी डायक्स्ट्रा ऑस्टिन सोडून न्यूनेनच्या घरी परतले. ६ ऑगस्ट २००२ रोजी कर्करोगाने त्यांचं निधन झालं. वय ७२. मागे पत्नी आणि तीन मुलं होती.

हयातभर ते टिपणं लिहून, त्यांना क्रमांक देऊन, प्रती काढून ओळखीच्यांना टपालाने पाठवत. ते पुढे आणखी प्रती काढत, आणि अशी ती जगभर फिरत. प्रत्येक टिपणावर त्यांच्या नावाची तीन आद्याक्षरं आणि क्रमांक असे. शेवटच्या टिपणाचा क्रमांक १३१८, तारीख एप्रिल २००२ची. ती सगळी आता टेक्सास विद्यापीठाने स्कॅन करून मोफत ठेवली आहेत, आणि फोनवरही उघडतात. त्यात गणित आहे, प्रवासवर्णनं आहेत, न आवडलेल्या परिषदांचे खरमरीत वृत्तान्त आहेत. बहुतेक हातानेच लिहिलेली.